हुक आधी उघडतो

३ फेब्रुवारी, मंगळवार

आणि वर सफरचंदं घेऊन आला! चकचकीत, जाळीच्या पिशवीत घातलेली. माझ्या धाकट्या भावाचा पाय गुडघ्यापर्यंत बांधलेला, आत सळया घातलेल्या, आणि हा शेडचा मुकादम दवाखान्यात खुर्ची ओढून बसतो नि त्याला म्हणतो — घाई नडली ना रे शेवटी?

घाई! बारक्या आणि घाई! जेवायला बसला की सगळ्यांची ताटं घासून होतात तरी याचा भात उरलेला. याच्या लग्नात भटजी घसा खाकरून खाकरून थकले, नवरदेव आत बुटाची नाडी बांधतोय. त्याला म्हणे घाई नडली. मी तोंडावर बोलणार होते. भावजय मध्ये पडली, साहेब चहा घ्या म्हणाली. घेतला. बशीत ओतून, फुंकर मारून घेतला. जाताना बारक्याच्या खांद्यावर थोपटून गेला, जसा काही यानंच जीव वाचवला त्याचा.

सफरचंदं मी वॉर्ड झाडणाऱ्या बाईला देऊन टाकली. भावजयीचा चेहरा पडला. पडू दे.

काय झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच पटवून देतील की असं झालंच नव्हतं. शाळा माझी चौथीपर्यंत, पण खोटं लिहिणाऱ्या शिकलेल्यांपेक्षा बरं लिहिते. तर — शेडमध्ये सळयांचे गठ्ठे असतात. क्रेनला साखळी, साखळीला हुक. बारक्या गठ्ठ्याला पट्टा घालतो, पट्ट्यात हुक अडकवतो, हात वर करतो. क्रेनवाला उचलतो. शुक्रवारी उचलला आणि हुक तुटला. गठ्ठा याच्या पायावर. मुकादम म्हणतो, यानं दोन गठ्ठे एकदम घेतले, भार जास्त झाला. बारक्या म्हणतो, एकच होता, रोजच्यासारखा. क्रेनवाला म्हणतो, मला वरून दिसलं नाही. वर बसून खालचं दिसत नाही तर तिथे काय कबुतरं राखायला बसवलाय?

४ फेब्रुवारी, बुधवार

आमचे हे गप्प. त्याच शेडमध्ये फिटर, यंत्रं-बिंत्रं दुरुस्त करतात. बारक्याला तिथे चिकटवला तो यांनीच. म्हणजे मुकादमाला चार शब्द सुनवायला यांच्यापेक्षा जवळचा माणूस कोण? मी म्हटलं, तुम्ही बोला. म्हणाले, बघू. मी म्हटलं, काय बघू? पाय दवाखान्यात आहे, जाऊन बघून या. तर चप्पल घालून पाण्याची मोटर बघायला गेले. मोटर चांगली चालू होती!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पाय राहील. घोटा वाकणार नाही. खऱ्या डॉक्टरांनी सांगितलं.

(शेडमध्ये यांना ‘डॉक्टर’ म्हणतात म्हणून ‘खऱ्या’ लिहिलं. मोडलेलं काहीही आणा, डॉक्टर जोडून देतील. काही फेकायचं नाही, काही नवं आणायचं नाही. मुकादमच म्हणायचा सगळ्यांसमोर, डॉक्टर आहेत म्हणून माझी शेड एक दिवस बंद पडत नाही. हे घरी येऊन दोनदोनदा सांगायचे.)

८ फेब्रुवारी, रविवार

आज चादरी धुतल्या. भावजय दवाखान्यात असते म्हणून तिच्या घरच्या पण माझ्याच माथी. ओल्या चादरींचा भार, दोरी ओढली गेली आणि भिंतीतला हुक उघडला. पडलं काही नाही, नुसता हुक वासरासारखा आ करून राहिला. मी म्हटलं, बाजारातून नवा आणा. नवा कशाला! शेडमधल्या जुन्या स्प्रिंगची सळई आहे ती, असलं लोखंड बाजारात मिळत नाही म्हणे. लगेच काढला. शेगडीवर धरला. माझा चहा बाजूला! लाल केला, उंबऱ्यावर ठेवून ठोकला, परत गोल केला आणि मोरीत बादलीत बुडवला. चर्र करून वाफ उठली, मोरीभर वास. मग डबीतून पिवळा रंग काढून फासला. गंज नको म्हणे. दिसायला नवा कोरा. स्वतःशीच मान हलवत बघत बसले, लहान पोरगी पावडर लावून आरशात बघते तसे.

मी म्हटलं, हुकाला जेवढा वेळ दिलात तेवढा मेहुण्याला द्या. तेव्हा जरा चेहरा उतरला. उतरला तर उतरला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शेडमध्ये गेले. बारक्याचा डबा आणि सदरा आणायचं निमित्त. कामावरून अर्धी रजा टाकून गेले.

मुकादम दारात नव्हता, बरं झालं, नाहीतर तिथेच जुंपली असती. आत काय आवाज! लोखंडावर लोखंड. डोक्यावरून गठ्ठे सरकत जातात आणि खाली माणसं बिडी ओढत उभी. वर मान करून कोणी बघत नाही. बारक्या जिथे पडला तिथे माती टाकून झाडलंय. इतकं स्वच्छ शेडमध्ये दुसरं काहीच नाही.

क्रेनवाला जेवायला खाली उतरला होता. मी गाठला. आधी नजर चुकवली. मी म्हटलं, कबुतरांचं कसं चाललंय? त्याला कळलं नाही, पण ओशाळला. मग मागे भंगाराच्या ढिगापाशी नेऊन हळूच बोलला. म्हणाला, वहिनी, गठ्ठा एकच होता. क्रेनला कळतो ना भार, माझ्या हाताला कळतो. पण माझं नाव घेऊ नका.

आणि दुसरं एक सांगितलं, ते लिहून ठेवते. म्हणाला, चांगला हुक भार जास्त झाला तर तुटत नाही, आधी उघडतो. तोंड फाकतं त्याचं. तशीच रीत आहे त्याची — मला झेपत नाही असं सांगतो तो. मग तो काढून भंगारात टाकायचा आणि स्टोअरमधून नवा लावायचा. हा उघडलाच नाही. बिस्किटासारखा टक्कन गेला. भार जास्त होता म्हणायला उघडलेला तरी दिसला पाहिजे ना?

म्हणजे हुकच खोटा! हुक बनवणाऱ्या कारखान्यानं कच्चं लोखंड दिलं आणि खापर माझ्या भावावर!

ढिगात दोन्ही तुकडे पडले होते. वरची मान आणि खालचं पिवळं वळण. चांगल्या पाहुण्यांसारखे जोडीनं पडलेले. उचलले, पिशवीत घातले, वर बारक्याचा सदरा. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, काय आहे? मी म्हटलं, कांदे. म्हणाला, हात मोडेल इतके जड कांदे? मी म्हटलं, आमच्याकडचे असेच असतात, पाहिजेत का? नको म्हणाला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मी ज्या कॉलेजात झाडू-पोछा करते तिथे धातू तपासायची मोठी खोली आहे. यंत्रं काचेच्या आड, आत जाताना चप्पल काढायची, धुळीचा कण चालत नाही. तो कण रोज कोण पुसतं? मी. तिथे एक मुलगी काम करते. चष्मेवाली. कामात असली की जेवायचं विसरते, डबा तसाच परत नेते, आईचे बोल खाते. तिच्या टेबलावर पिशवी ठेवली.

तिनं आधी नियम सांगितले. परवानगी लागते, नंबर लागतो, बाहेरचं काम घेत नाही. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, बाई, माझ्या भावाचा घोटा आता वाकत नाही. त्याला कोणी नंबर लावायला सांगितलं नव्हतं.  तिनं तुकडे हातात घेतले, मोडलेल्या जागेवर बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, मावशी, ठेवून जा. सरांना मी विचारते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सर हो म्हणाले. मुलांना शिकवायला उपयोगी पडेल म्हणे. पडू दे कोणाच्या का होईना.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज डोकं फिरलंय. पेन कागदात घुसतंय.

बारक्याला घरी सोडलं. बघायला गेले तर हा मला म्हणतो, ताई, कदाचित मीच जास्त घेतला असेल गं. माझ्या डोळ्यांत बघेना. काय झालं म्हटलं, तर सगळं बाहेर आलं. मुकादम परत येऊन गेला. २ मार्चला, सोमवारी, मोठ्या साहेबांसमोर चौकशी आहे. तिथे उभं राहून ‘चूक माझी’ एवढं म्हणायचं. मग याला फाटकावर बसून काम देतील. नाही म्हणाला तर शेडशी संबंध संपला.

मी म्हटलं, तू एकच गठ्ठा घेतला होतास का दोन? म्हणाला, एक. मग? म्हणाला, ताई, सगळे रोज तेच म्हणताहेत तर मलाच आता एक आठवत नाही का दोन.

बघा! पाय मोडला तो मोडला, आता डोक्यातलं पण मोडताहेत. चार दिवस तेच तेच ऐकवलं की माणूस आपलं नाव पण विसरेल. फाटकावर बसेल आणि आयुष्यभर येणारा-जाणारा म्हणेल, हाच तो, हावरटपणा करून पाय घालवलेला. त्याच्या पोरीला शाळेत म्हणतील.

आणि वर काय म्हणतो — दाजी पण म्हणाले, मान्य करून टाक.

दाजी! आमचे हे!

घरी येऊन मी असं तोंड सोडलं की शेजारणीनं खिडकी लावून घेतली. म्हटलं, तुम्हाला तो मेहुणा नाही, पोराच्या ठिकाणी आहे. तुमच्या शब्दावर शेडमध्ये गेला. आणि तुम्ही त्याला खोटं बोलायला सांगता? यांचं एकच, बसून काम मिळतंय, मिळू दे, वरच्यांशी भांडून कोणाचं भलं झालंय. पुन्हा पुन्हा तेच, खाली मान घालून. जेवले पण नाहीत. मी वाढलं पण नव्हतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

चष्मेवालीनं मानेचा तुकडा कापून, आरशासारखा घासून, त्यातूनही पापुद्र्याएवढा पातळ काप काढून मोठ्या यंत्राखाली घातला. मला बोलावून पडद्यावर दाखवलं. राखाडी पाटीवर कोणी खसखस उधळावी तसं. म्हणाली, मावशी, केसाच्या जाडीत हे दाणे हजारोंनी मावतील. मी म्हटलं, पडला तो गठ्ठा काही बारीक नव्हता.

हसली. मग खुर्ची दिली आणि समजावलं. मला आधी राग आला, हिला काय शिकवणी घ्यायचीये! पण समजलं ते लिहिते.

खोलीभर पसरलेलं जाजम सरकवायचं तर आख्खं ओढत नाही आपण. एका कडेला सुरकुती पाडतो आणि ती पायानं ढकलत पलीकडे नेतो. जाजम सरकतं. लोखंडात पण तसंच, आत सुरकुत्या सरकतात म्हणून ते वाकतं. आता जाजमाखाली खडे असले तर सुरकुती अडते. हे दाणे म्हणजे ते खडे. सुरकुती अडते म्हणून लोखंड मजबूत. पण खडे बारीक आणि सगळीकडे सारखे पसरलेले असले तर सुरकुती अडखळत का होईना पुढे जाते, कुठे एका जागी ढीग होत नाही. म्हणून असं लोखंड मजबूत असतं आणि तरी वाकतं. दोन्ही गुण एका अंगात आणणं फार अवघड, भट्टीची आच नेमकी लागते, असं म्हणाली. मी म्हटलं, लोखंडाचं सोड, माणसात पण कुठे मिळतात.

मग मी मुद्द्यावर आले. म्हटलं, म्हणजे यात खोट कुठे आहे ते सांग, मला त्या कारखान्याचं नाव घेऊन मोठ्या साहेबापुढे उभं राहायचंय.

म्हणाली, यात खोट नाहीये मावशी. कारखान्याचं काम चोख आहे. इतकं छान लोखंड आमच्याकडे क्वचित येतं.

छान! माझ्या भावाचा पाय मोडणारं लोखंड छान! मी झाडू उचलला आणि निघाले. ती मागून म्हणत होती, ही नुसती मान झाली, वळण अजून बघायचंय, थांबा. मी थांबले नाही.  बादली आपटली ती फुटली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हे म्हणाले, शेडमधले ते हुकाचे तुकडे तू कुठे दिलेस? एवढ्या दिवसांत स्वतःहून तोंड उघडलं ते यासाठी!

२१ फेब्रुवारी, शनिवार

बारक्या कुबडी घेऊन अंगणापर्यंत चालला. सावकाश. पायरीशी येऊन थांबला आणि म्हणाला, ताई, बघ, घाई नाही हं. हसला. मी आत जाऊन भांडी घासली, घासलेलीच.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

वळण बघून झालं.

खसखस नाहीच त्यात. मधेमधे जाड गोळे, आणि बाकीचं सगळं कडेकडेनं रांग धरून बसलेलं. मला बघताक्षणी कळलं, फरशीच्या सांध्यांत मळ बसतो तसं. चष्मेवाली म्हणाली, अगदी बरोबर, लोखंड आतून फरशीसारखंच असतं, लहान लहान तुकडे एकमेकांना चिकटलेले. दाणे सांध्यांत जाऊन बसले की सांधे कच्चे होतात. भार आला की तडा सांध्यासांध्यानं पळतो. वाकायला वेळच नाही.

मी म्हटलं, एकाच हुकात वर एक आणि खाली एक कसं? तीच एक कढई, अर्धी करपलेली आणि अर्धी चकचकीत?

म्हणाली, करपलेलीच आहे मावशी. या वळणाला नंतर कोणीतरी ज्वाला लावलीय. लाल होईपर्यंत. आपल्या साबणाच्या पुडीला ओल लागली की भुगा जाऊन गाठी होतात ना, तसं आगीनं आतले बारीक दाणे विरघळले आणि निवताना गाठी होऊन सांध्यांत बसले. वर पाणी ओतून झटकन गार केलंय, त्यानं आणखी ताठर झालं. वरून बघाल तर चांगलं कडक. कानशीनं घासलं तर नेहमीपेक्षा कडक! पण वाकायचं विसरलं ते.

रंग खरवडून दाखवला. पिवळ्याखाली काळी खपली, आणि खपलीवर घणाच्या खुणा.

म्हटलं, कोणी ठोकला? कशाला?

तिनं चष्मा काढून पुसला. म्हणाली, उघडला होता म्हणून. हा हुक आधी एकदा उघडला होता, मावशी. त्यानं सांगितलं होतं. कोणीतरी तापवून, ठोकून त्याचं तोंड बंद केलं आणि परत लावला.

तिथेच स्टुलावर बसले. तिनं पाणी दिलं.

मुकादमाचंच काम! स्टोअरमधून नवा हुक यायला दिवस जातो, तोवर क्रेन उभी, याला वरून शिव्या. मग म्हणायचं, मारा दोन घाव आणि लावा परत. यानंच करवून घेतलं असणार. चष्मेवाली म्हणाली, सोमवारी चौकशीला मी येते, सर पण येतील, दोन्ही फोटो दाखवू, तुमच्या भावानं गठ्ठा एक घेतला का दोन हा प्रश्नच उरत नाही. आणि म्हणाली, पण मावशी, असा एकच हुक बंद केला असेल असं मला वाटत नाही. ज्याला हे जमतं तो एकावर थांबत नाही. बाकीचे अजून वर लटकत असतील. कोणते, ते फक्त त्यालाच माहीत. रंग लावला की ओळखू येत नाहीत.

मला ती शेड दिसली. डोक्यावरून जाणारे गठ्ठे आणि खाली बिडी ओढणारी माणसं.

घरी आल्या आल्या यांना विचारलं, शेडमध्ये लोखंड तापवायची गॅसची नळी कोणाकडे असते? म्हणाले, सगळेच वापरतात. आणि साखर संपली म्हणून पिशवी घेऊन बाहेर गेले. साखरेचा डबा भरलेला आहे.

एक गोष्ट डोक्यात येतेय. ती लिहीत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

काही लिहायचं नाही आज.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी चादरी वाळत घातल्या. जास्त पण नव्हत्या, त्या दिवशीपेक्षा कमीच. पाठ वळवते तोच मागे टक्क. दोरी खाली, चादरी चिखलात. भिंतीतला हुक उघडला नाही. तुटला. बिस्किटासारखा.

चादरी तशाच ठेवल्या. चष्मेवालीकडून वळणाचा उरलेला तुकडा मागून आणला आणि संध्याकाळी हे घरात आले तेव्हा जेवायच्या ताटाच्या जागी तो आणि भिंतीतला तुटका हुक शेजारी शेजारी ठेवले. तोच पिवळा. त्याच डबीतला.

 मग हात न लावता म्हणाले, चांगला दिसत होता गं.

मी ओरडले नाही. माझंच मला नवल वाटलं. म्हटलं, तुम्ही मुकादमाचे लाडके डॉक्टर झालात. हुकानं तोंड उघडून सांगितलं होतं, ते तुम्ही बंद केलंत. आणि मग बारक्याचं पण बंद करायला गेलात. आता तुमचं उघडा. कोणकोणते हुक तापवलेत, कुठल्या साखळीला आहेत, तुम्हाला तोंडपाठ आहे. ते आधी खाली उतरवायचे. सोमवारी बारक्या मोठ्या साहेबांपुढे ‘चूक माझी’ म्हणायला उभा राहणार आहे. त्याच्या आधी तिथे तुम्ही बोलणार का मी, ते मला रविवारी दिवे लागायच्या आत सांगा.